सीटखाली की पायाशी? गाडीत पुढे छोट्या सबवूफरची जागा

कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडीतलं मॅटिंग लवकर वाळतच नाही. त्यामुळे सबवूफर (बास, म्हणजे खोल आवाज देणारा स्पीकर) कुठे बसवायचा हे ठरवताना आवाजाआधी पाण्याचा विचार करा.

सीटखालचा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) सबवूफर साधारण ७-८ सेंमी उंच असतो. सीटवर माणूस बसवून, ती पुढे-मागे सरकवून मोजा. वर दोन सेंमी तरी मोकळं हवं. तिथला पिवळा प्लग एअरबॅगचा असतो, त्याला अजिबात हात लावू नका.

पायाशी, म्हणजे ग्लव्ह बॉक्सखाली, सबवूफरची १०-१२ लिटरची बंद पेटी बसवली तर बास जास्त खोल आणि घट्ट मिळतो. पण शेजारच्याचे पाय आखडतात. शिवाय एसीची ड्रेन नळी तुंबली की पाणी नेमकं तिथेच उतरतं आणि एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डाच्या) कडा पापडासारख्या फुगतात. म्हणून १८ मिमी मरीन प्लायच (पाण्यात टिकणारा प्लायवूड) वापरा, सांधे सिलिकॉनने भरा आणि पेटी ब्रॅकेटने पक्की आवळा. जोरात ब्रेक लागला की सुटी पेटी पायावर येते.

वायरिंग दोन्हीकडे सारखंच: बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात वायरभोवती रबरी ग्रोमेट (कडं), अर्थिंगला रंग खरवडलेला पत्रा.

घरच्या गाडीला सीटखालचाच बरा. लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवा. बास पोकळ वाटला तर सबवूफरवरचा फेजचा स्विच १८० अंशांवर करून बघा.