अंक मुलाचा की भाषेचा? बुद्धिमापनाच्या एका प्रशिक्षणाविषयी

मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेणे हे माझे रोजचे काम आहे. घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि चाचणीची तिसरीच अशा मुलांचे मूल्यमापन कसे करावे, यावरचा मानसशास्त्रज्ञांसाठीचा सहा सत्रांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. नाव नोंदवताना मन साशंक होते, कारण अशा प्रशिक्षणांत ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ हा शब्द उदंड ऐकू येतो, पण समोर बसलेल्या मुलाला नेमके काय आणि कसे विचारायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

पहिले सत्र इतिहासाचे आहे. बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांच्या १९०५ च्या बुद्धिमत्ता चाचणीपासून ते कॅलिफोर्नियातील १९७० च्या ‘डायना’ खटल्यापर्यंतचा प्रवास त्यात आटोपशीरपणे येतो. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीतून चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले गेले होते, हे त्या खटल्याचे मूळ. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी हे सत्र वेग वाढवून पाहिले तरी चालेल.

अभ्यासक्रमाचा खरा कस तिसऱ्या सत्रात लागतो. ऐकलेले अंक त्याच क्रमाने परत म्हणण्याची उपचाचणी आपण सगळेच भाषेपासून बऱ्यापैकी अलिप्त मानतो. इथे १९८० चे वेल्श भाषेवरील संशोधन समोर ठेवले जाते. वेल्शमधील अंकांचे शब्द उच्चारायला इंग्रजीपेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून दोन्ही भाषा जाणणाऱ्या त्याच व्यक्तींना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात ठेवता आले. स्मरणशक्ती तीच, तोंडातले शब्द तेवढे लांब. हे ऐकल्यावर मी माझे काही जुने अहवाल काढून पाहिले आणि त्यांतील ‘कार्यकारी स्मृती क्षीण’ (म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता कमी) हा शेरा वाचून मला अवघडल्यासारखे झाले.

त्याच सत्रात ‘अशाब्दिक चाचणी म्हणजे संस्कृतिमुक्त चाचणी’ या समजुतीलाही धक्का दिला आहे. आकृतीतील रिकामी जागा भरायला लावणारी रेव्हनची चाचणी १९३८ पासून वापरात आहे आणि भाषेची अडचण आली की आपला हात आपसूक तिच्याकडे जातो. मात्र बुद्धिमत्तेचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८७ मध्ये चौदा देशांतील आकडेवारी मांडली, तेव्हा पिढीगणिक गुणांची मोठी वाढ नेमकी अशाच चाचण्यांत दिसली. एका पिढीतच, त्याच देशात जे इतके बदलते, त्याला संस्कृतीचा स्पर्श नाही असे कसे म्हणावे? जोडीला मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्पेल यांचे १९७९ चे काम आहे. नमुना पाहून तारेची प्रतिकृती करण्यात झांबियातील मुले सरस ठरली, कागदावर पेन्सिलीने तसेच करण्यात इंग्लंडमधील मुले पुढे गेली आणि मातीकामात दोन्ही गट बरोबरीचे निघाले. उदाहरण जुने असले तरी मांडणीत ते नेमक्या जागी आले आहे.

दुभाष्यासोबतच्या कामाचे प्रात्यक्षिकही उत्तम आहे. दोन वस्तूंमधील साम्य विचारताना दुभाषी मायेपोटी एखादा शब्द जास्त बोलतो आणि त्या शब्दातच उत्तर दडलेले असते, हे चित्रफितीत स्पष्ट दिसते. गोपनीयता जपण्यासाठी खऱ्या चाचणीतील प्रश्न न वापरता नवे प्रश्न रचले आहेत, याबद्दल आयोजकांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

घोडे अडते ते अहवालाशी. सहभागींपैकी एकाने सरळ विचारले, की ज्या मुलांच्या गुणांवरून तुलनेची मानके तयार झाली त्यांत या मुलासारखे कोणीच नसेल, तर बुद्ध्यांक लिहायचा की नाही? ‘आपला व्यावसायिक विवेक वापरा’ एवढेच उत्तर मिळाले. हा विवेक शिकण्यासाठीच तर आम्ही बसलो होतो! सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ या मोजपट्टीला अर्थ येतो तो मानक गटामुळे; तो गटच लागू नसेल तर एकूण अंक न देता मुलाने काय केले, कोणत्या भाषेत केले आणि किती मदतीने केले याची नोंद द्यावी, असे माझे मत आहे. पण शाळेला अंकच हवा असतो आणि त्या दबावाला लेखी उत्तर कसे द्यावे, याचा एकही नमुना अभ्यासक्रमात नाही. आधी चाचणी, मग शिकवणे, मग पुन्हा चाचणी ही मानसशास्त्रज्ञ फॉयरश्टाइन यांची पद्धत इथे उपयोगी पडली असती. तिला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली.

शेवटची परीक्षा बहुपर्यायी आणि फारच सोपी आहे. प्रमाणपत्राला त्यामुळे विशेष वजन उरत नाही. ज्यांनी अद्याप स्वतः पुरेशा चाचण्या घेतलेल्या नाहीत, त्यांनी थोडे थांबून मग हा अभ्यासक्रम करावा, नाहीतर उदाहरणांतील खाचाखोचा निसटतील. मला सर्वाधिक उपयोगी पडले ते चाचणीआधी दुभाष्याला द्यायचे एक पानी सूचनापत्र. मुलाने चुकीचे उत्तर दिले तरी चेहऱ्यावर काही दाखवू नये आणि अडखळत बोललेले वाक्य सुधारून सांगू नये, या त्यातील दोन ओळी मी आता प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून दाखवते.