बुटीबोरीकडचा ढाबा: जेवण झकास, बाकी पाहून घ्या

चेन्नईहून माल घेऊन ४४ नंबर हायवेनं आलो, नागपूरच्या कळमना मार्केटात खाली करायचा होता पण शहरात नो एंट्री, मग काय, बुटीबोरीच्या अलीकडं ढाब्यावर गाडी लावली न रात्र होईपर्यंत तिथंच पडून राहिलो. नाव नाही लिहित, रोज त्याच रस्त्यानं जाणं-येणं आहे बाप्पा.

जेवण मात्र एक नंबर. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा असा की वर लाल तर्री, पहिल्या घासातच नाकातून पाणी, आठ दिवस सांबार-भात खाल्ल्यावर जीव थंड झाला. भाकर गरम, कांदा मागाल तितका.

पण आंघोळीचे वेगळे पैसे घेतले न टाक्यात पाणी अर्धा बादली! साबण लावून उभा, वरून पोऱ्या म्हणे "भाऊ, टँकर येऊन राह्यला". आला तासाभरानं. खाटेची नवार ढिली, मे महिन्यातलं नागपूर, आपली गाडी २०१६ ची, एसी कुठला? नव्या गाड्यांना आता कंपनीतूनच एसी केबिन येते म्हणतात, आमच्या नशिबी ओला गमछा.

सगळ्यात डोकं फिरलं ते पार्किंगवर. लाईट दोनच, दोन्ही गल्ल्याच्या बाजूला. डिझेल टाकीला कुलूप होतं म्हणून वाचलो, बाजूच्या गाडीच्या ताडपत्रीची दोरी कापलेली दिसली. मालकाला विचारलं तं म्हणे आमची जबाबदारी नाही.

जेवायला थांबा, झोपायला नका थांबू. तीन स्टार, तेही पाटोडीचे.