फोनवर पाळत आहे का? एमव्हीटी सोलापुरात किती उपयोगी

एखाद्या थरारकथेत पाळत दाखवायची तर कुर्द (इराण-इराक भागातला एक अल्पसंख्य समाज) बाईच्या दारासमोर अनोळखी गाडी उभी असते. खऱ्या पाळतीला गाडी लागत नाही. २०२३ मध्ये मोबाइल सुरक्षेचं काम करणाऱ्या लुकआउट कंपनीने ‘बोल्डस्पाय’ हे पाळतीचं ॲप उघडकीला आणलं आणि त्याचा धागा इराणच्या पोलिसांपर्यंत नेला. ३०० हून जास्त लोकांचे फोन त्याने पोखरले होते. त्यांत कुर्द आणि बलुच होते. लुकआउटचा अंदाज असा, की माणूस ताब्यात असताना त्याच्या फोनमध्ये ते बसवलं जाई. ते ज्या नावांआड लपायचं ती साधीच: सीपीयू-झेड, करन्सी कन्व्हर्टर.

असलं काही शोधायला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबचं एमव्हीटी (मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट) हे मोफत साधन आहे. २०२१ च्या पेगॅसस या पाळतीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ते बाहेर आलं. लिनक्स किंवा मॅकवर पायथनसह चालतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घालावं लागतं. बटणं दाबायची सोय नाही, सगळं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून.

आयफोनवर काम चोख. आधी ‘डाउनलोड-आयओसीज’ चालवा. त्याने माहीत असलेल्या पाळत-ॲप्सच्या खुणा (आयओसी) उतरतात; ही पायरी गाळली तर ताडून बघायला खुणाच नसतात आणि निकाल फसवा कोरा येतो. मग पासवर्ड घालून एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या. साध्या बॅकअपमध्ये कॉल आणि सफारीचा इतिहास येत नाही. पुढे ‘डिक्रिप्ट-बॅकअप’, मग ‘चेक-बॅकअप’. बॅकअप आणि उलगडलेली प्रत मिळून डिस्कवर दुप्पट जागा खाते.

पण आपल्याकडे विडी कामगारांत, वस्त्यांत काम करणाऱ्या ताईंच्या हातात अँड्रॉइड असतो, आणि तिथे हे साधन लंगडं पडतं. अँड्रॉइड जुन्या नोंदी फारशा ठेवतच नाही. यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोनमधली माहिती घेऊ देणारी सेटिंग) चालू करून ‘अँड्रॉइडक्यूएफ’ या जोडसाधनाने माहिती गोळा करायची आणि ती एमव्हीटीला द्यायची. निकालात दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा: कोणतं ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून आलंय, आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि बटणं दाबायची, परवानगी कोणाकडे आहे. बोल्डस्पाय याच परवानगीवर चालायचं. कॅल्क्युलेटरला ती कशाला हवी? बँकेचा ओटीपी वाचणारी चोर ॲप्सही इथेच सापडतात, म्हणून एवढ्यासाठी तरी ही खटपट करावी.

शंका आली की नवी पेठेत नेऊन फोन फॉरमॅट मारून आणायची घाई करू नका. पाळतीचं ॲप बहुधा जाईल, पण पुरावाही जाईल. आधी माहिती काढा, मग पुसा. खूण जुळली नाही म्हणजे फोन स्वच्छ, असंही नाही. जाहीर झालेल्या खुणाच यात तपासल्या जातात.

इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सेटलमेंटमधल्या (तारेच्या कुंपणातल्या वसाहतीतल्या) माणसांची हजेरी घेतलेलं हे शहर आहे. त्यामुळे एमव्हीटीच्या परवान्यातली अट आम्हाला फार मोलाची वाटते: फोनच्या मालकाची संमती असेल तरच तपासणी. नवऱ्याने बायकोचा फोन गुपचूप तपासायला हे वापरता येत नाही. निकालाच्या फोल्डरमध्ये फोनवालीचे मेसेजसुद्धा असू शकतात. काम झालं की ते तिच्याच पेनड्राइव्हवर कुलूपबंद करून द्या आणि लॅपटॉपवरून काढून टाका.