सेडानची पुढची जाळी: पोळ्यासारखी की आडव्या पट्ट्यांची?

माझ्या 2015 सालच्या होंडा सिटीने गेल्या तीन वर्षांत तीन तोंडे पाहिली. कंपनीची जाड क्रोम पट्टीवाली जाळी पंढरपूर रस्त्यावर ट्रॉलीतून घसरून उसळलेल्या उसाच्या कांडीने मधोमध तडकली. त्यानंतर चकचकीत काळी हनीकोंब, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, जाळी साधारण आठ महिने राहिली, आणि आता मंद काळ्या रंगाची, आडव्या पट्ट्यांची साधी जाळी बसून दोन उन्हाळे झाले आहेत. बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, जाळी घ्यायची हे ज्यांचे ठरले आहे, पण कोणती घ्यायची यावर ज्यांचे अडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पूर्ण क्रोमची जाळी मी घेतली नाही, त्यामुळे तिच्याविषयी फार बोलणे योग्य नाही. प्लास्टिकवर तांबे, निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अगदी पातळ थर, अशी ही चकाकी तयार होते. बाजारातल्या स्वस्त मालात हे थर कितपत नीट चढवलेले असतात ते दुकानात उभे राहून कळत नाही. आमच्या नात्यातल्या एका गाडीवरची अशी जाळी दुसऱ्याच उन्हाळ्यात कडेने फुगली आणि कांद्याच्या सालीसारखी सुटू लागली. मात्र तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: क्रोमची गुळगुळीत पट्टी एका फडक्यात स्वच्छ होते. हा गुण किती मोलाचा आहे ते मला पुढे कळले.

हनीकोंब जाळीचे दिसणे मात्र मान्य करावेच लागेल. पांढऱ्या गाडीवर ती चकचकीत काळी, षटकोनी घरांची जाळी बसली, तेव्हा गाडी पाच वर्षांनी तरुण झाल्यासारखी वाटली. आमच्या सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून पाहिले आणि हे कुठे मिळते म्हणून विचारले. फिटिंगही चांगले होते आणि बॉनेटच्या कडेशी फट जवळजवळ दिसत नव्हती. महामार्गावर नव्वदच्या वेगाला शिट्टी वाजेल अशी मला भीती होती, तीही खोटी ठरली. मी मोठ्या शहरात, सोसायटीच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये राहत असतो, तर कदाचित आजही तीच जाळी ठेवली असती.

अडचण निघाली पाण्याची. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि ते गाडी धुण्यात घालवण्याची कुणाची हिंमत होत नाही. गाडीला बोअरचेच पाणी मारावे लागते. आपल्याकडच्या काळ्या कातळातून येणारे हे पाणी जड असते आणि ते वाळले की मागे पांढरा क्षार राहतो. दारावर, बॉनेटवर लगेच फडके फिरवता येते, म्हणून तिथे तो जमत नाही. हनीकोंबच्या घरात मात्र फडके शिरत नाही. प्रत्येक घराच्या खालच्या कोपऱ्यात एकेक थेंब अडकतो, मार्चनंतर सकाळी नऊचे ऊनसुद्धा तो पाच मिनिटांत आटवते, आणि चकचकीत काळ्या रंगावर पिठाच्या टिंबासारखा ठिपका उरतो. एका रविवारी चिडून मी घरे मोजली, तर नुसत्या वरच्या भागात 186 भरली. प्रत्येकाला सहा कोपरे धरले तर अकराशेच्या वर जागा होतात. अंगणात पाट मांडून, वाटीत व्हिनेगर आणि पाणी घेऊन, कापसाच्या काड्यांनी मी त्यातले निम्मे कोपरे पुसले. तोवर चहा दोनदा गार झाला होता. शिवाय व्हिनेगर रंगावर रेंगाळू द्यायचे नाही, म्हणून त्यावर पुन्हा साधे पाणी मारायचे, आणि ते पाणीही बोअरचेच!

धुलाई केंद्रात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली तर ठिपके पडत नाहीत, हे खरे आहे. मीही तसे करून पाहिले. पण विजापूर रस्त्यावर एक हलकी सर आली की धूळ आणि पाणी मिळून त्याच घरांत चिखल धरतो, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पुण्याहून रात्री परतताना दिव्यांकडे झेपावणारे किडे आत चिरडून चिकटतात, ते निराळेच. उसाच्या हंगामातले पाचटाचे तुकडेही नेमके या घरांत बसतात. शेवटी माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी हसत हसत सांगितले, “मालक, ही जाळी गाडी विकायच्या आदल्या दिवशी लावायची असती.” त्यांच्या या बोलण्यावरच माझा निर्णय झाला, असे म्हटले तरी चालेल.

आडव्या पट्ट्यांच्या जाळीत पाच पट्ट्या आहेत आणि दोन पट्ट्यांमधून फडके धरलेली बोटे आरपार जातात. या जाळीची खरी खूण मला विचाराल तर एवढीच आहे. धुतल्यावर डावीकडून उजवीकडे पाच वेळा हात फिरवला की काम संपते. मंद काळ्या पृष्ठभागावर क्षाराचे ठिपके पडतातच, पण चकचकीत रंगावर उठून दिसतात तसे दिसत नाहीत. तिच्यात उणिवा नाहीत असे नाही. तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वरची पट्टी, जिच्यावर दिवसभर ऊन असते, ती किंचित राखाडी पडू लागली आहे, आणि काळ्या प्लास्टिकला लावायचे पॉलिश दीड-दोन महिन्यांनी लावले नाही तर ते जाणवते. डाव्या कोपऱ्यात हेडलाइटशी नखभर फट आहे, ती हनीकोंबला नव्हती. तरीही दर आठवड्याच्या त्रासापेक्षा दीड महिन्याचा त्रास मला परवडतो. तुमचे गणित वेगळे असू शकेल.

काही जण मूळ जाळी तशीच ठेवून तिच्यामागे स्टीलची बारीक जाळी लावून घेतात. दगडांपासून एसीच्या कंडेन्सरचे, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे, रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, कारण कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे, अगदी तोंडाशी असतो. परंतु तिची वीण डासांच्या जाळीइतकी बारीक असेल तर हवा अडते. माझ्या एका मित्राने अशी जाळी लावली आणि मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, उभ्या गाडीत एसी गार करीना म्हणून महिनाभरात काढली. लावायचीच असेल तर करंगळी जाईल एवढ्या भोकांची घ्यावी, असे माझे नम्र मत आहे.

खरेदीआधी गाडीचे साल दुकानदाराला नक्की सांगावे. याच सिटीचे तोंड 2017 च्या फेब्रुवारीत बदलले आणि 2020 साली तर गाडीच नवी आली. “सिटीची जाळी” एवढेच सांगून पार्सल मागवणारे पस्तावतात. ज्या नव्या गाड्यांत जाळीमागे किंवा बोधचिन्हामागे पुढच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असते, त्यांच्या मालकांनी बाहेरच्या जाळीच्या वाटेला न गेलेले बरे, कारण धातूचा किंवा क्रोमचा थर रडारच्या लहरी अडवू शकतो. जाळीबरोबर पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा आग्रह झाला तर तो मोडून काढावा. केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरातच अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे.

जाळी बदलायला माझ्या गाडीचा बंपर उतरवावा लागला, आणि बंपर धरून ठेवणारे, आठ-दहा उन्हाळे खाल्लेले प्लास्टिकचे लॉक त्या वेळी तुटतात, हे कुणी आधी सांगत नाही. माझे दोन तुटले. मिस्त्रींनी सांगितल्यावरून मी चार जादा लॉक आदल्या दिवशीच आणून ठेवले होते, नाहीतर नवी जाळी पहिल्याच फेरीत पुण्यापर्यंत कुरकुरत गेली असती.