कॉम्प्रेशन गेज आणि लीक-डाउन टेस्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

किक हलकी लागते, चढावर ओढत नाही, तापल्यावर बंद पडली की लवकर सुरू होत नाही. दुचाकीच्या अशा तक्रारींवर थेट हेड (सिलिंडरचं झाकण) उघडायची घाई होते. त्याआधी निदानासाठी ही दोन हत्यारं आठ महिने नियमित वापरली, बहुतेक १०० ते ३५० सीसीच्या एक सिलिंडरच्या इंजिनांवर. गेज सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजतो; आमचा नळीचा, स्पार्क प्लगच्या जागी आट्यांवर बसणारा, सोबत १०, १२ आणि १४ मिमीचे अ‍ॅडॅप्टर. टेस्टर सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते दाखवतो; आमचा दोन डायलचा, कॉम्प्रेसरवर चालणारा.

आधी गेजची मोठी खोड सांगतो, कारण तिच्यामुळे चांगली इंजिनं उघडली जातात. १०० सीसीचं, ९:१ कॉम्प्रेशन गुणोत्तराचं (आतली हवा नऊपट दाबणारं) इंजिन घ्या. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्यात जेमतेम १२.५ सीसी जागा उरते. अ‍ॅडॅप्टर आणि गेजच्या एकदिशा व्हॉल्व्हमधल्या पोकळीने त्यात २ सीसीची भर घातली, तर गुणोत्तर ७.९ वर येतं आणि धडधाकट इंजिन आजारी दिसतं. मोठ्या इंजिनात हा फरक जाणवत नाही, लहानात चांगलाच जाणवतो. म्हणून घेताना पहिली गोष्ट बघायची ती ही, की एकदिशा व्हॉल्व्हची पिन नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला, अ‍ॅडॅप्टरमध्येच आहे का. ती डायलजवळ असेल तर अख्खी नळी कम्बशन चेंबरचा भाग बनते. तो गेज लहान इंजिनांसाठी घेऊ नका.

ही पिन खराब झाली म्हणून टायरच्या ट्यूबची पिन घालू नका. दिसायला सारखीच असते, पण तिची स्प्रिंग कडक असते आणि आकडा कमी येतो. गेजसाठीची हलक्या स्प्रिंगची पिन वेगळी मिळते. दोन-तीन जवळ ठेवा.

अ‍ॅडॅप्टरच्या आट्यांची लांबीही प्लगशी जुळवून घ्या. १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा गेला तर तो चेंबरमध्ये शिरतो आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. बसवताना पाना लावायचा नाही, ओ-रिंग टेकेपर्यंत हातानेच. गरम अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे फार लवकर जातात. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लगची विहीर खोल आणि अरुंद असते. तिथे नळी उलटी फिरवली की अ‍ॅडॅप्टर आतच राहतो आणि नळी मोकळी हातात येते. अशा इंजिनांसाठी नळी आणि अ‍ॅडॅप्टर एकसंध असलेला प्रकार घ्या, हे आमचं ठाम मत आहे.

मोजण्याची पद्धत साधी आहे, पण एक पायरी चुकली की आकडा वाया. इंजिन गरम हवं, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट) तपासलेला हवा. प्लगची कॅप काढून जुन्या प्लगवर बसवा आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला अर्थ करा, नाहीतर इग्निशन युनिटवर ताण येतो. इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. चोक ओढलेला नको, थ्रॉटल पूर्ण उघडा. सर्वात जास्त चुका या थ्रॉटलमध्येच होतात. मूठ बंद ठेवून किक मारली तर आत हवाच पुरेशी जात नाही. काटा थांबेपर्यंत ६ ते ८ दमदार किक किंवा तेवढेच सेल्फचे फेरे द्या.

लहान फोर-स्ट्रोक इंजिनात बहुधा १० ते १३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळतं. सातच्या खाली गेलं की सुरू होण्याचा त्रास ठरलेला. पण अंतिम आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच. कॅमशाफ्टवर ऑटो-डीकॉम्प्रेशन असेल तर किकच्या वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो आणि धडधाकट इंजिनातही आकडा कमी येतो. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो, तिथे आकडाही तसाच उतरतो.

आकड्याइतकीच काट्याची चाल बघा. पहिल्या दोन किकमध्ये काटा झपकन वर गेला तर ठीक. प्रत्येक किकला थोडा थोडा चढत राहिला तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. सुरुवातीपासून खालीच अडकला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आता तेल घालून करायची चाचणी. प्लगच्या भोकातून ५ मिली तेल घाला, आकडा वाढला तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेले, असं सगळीकडे सांगतात. लहान इंजिनात हे प्रमाण साफ चुकीचं आहे. वरच्याच १०० सीसीच्या इंजिनात ५ मिली तेलाने १२.५ सीसीची जागा ७.५ वर येते आणि गुणोत्तर १४ च्या पुढे जातं. मग रिंगा कशाही असोत, आकडा वाढणारच. १ ते १.५ मिली पुरे, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घाला. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात तेल खालच्या बाजूला साचतं, रिंगेच्या वरच्या भागाला पोचतच नाही. तिथे या चाचणीवर निर्णय घेऊ नका.

याच ठिकाणी लीक-डाउन टेस्टर उपयोगी पडतो. दोन डायलच्या मध्ये साधारण १ मिमीचं बारीक भोक असतं. एका बाजूला ७ किलो दाबाची स्थिर हवा द्यायची, दुसरा डायल सिलिंडरमध्ये किती दाब टिकला ते दाखवतो. फरक म्हणजे गळती. १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत चालेल, ३० च्या पुढे इंजिन उघडायची तयारी ठेवा. मात्र भोकाचं माप टेस्टरगणिक बदलतं, म्हणून एका टेस्टरचे टक्के दुसऱ्याशी ताडून बघू नका.

पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला अचूक हवा, मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ खूण जुळलेली आणि दोन्ही टॅपेट सैल. ५० मिमीच्या बोअरमध्ये ७ किलोच्या दाबाने पिस्टनवर जवळपास १३७ किलोचा जोर येतो. खूण थोडी सरकलेली असेल तर क्रँक झटक्यात फिरतो. हवा सोडण्याआधी मॅग्नेटच्या नटावरचा पाना काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा.

मग फक्त कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा. गॅस्केटच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर उत्तर मिळालं. रेडिएटर असेल तर त्यातले बुडबुडे बघा. व्हॉल्व्हमधून आवाज आला तर लगेच हेड काढू नका. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) प्लास्टिकच्या हातोडीने एक-दोनदा हलकं ठोका. सीटवर कार्बनचा कण अडकला असेल तर तो उडून आवाज बंद होतो.

टॅपेटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कॉम्प्रेशन जाण्याचं सर्वात स्वस्तात सुटणारं कारण तेच. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, क्लिअरन्स कमी होतो, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही. थंड असताना ठीक चालणारी आणि गरम झाल्यावर ढिली पडणारी गाडी बहुधा हीच असते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. क्लिअरन्स थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या मापाने ठेवा.

उघडायची वेळ आलीच तर रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून तोंडाचा गॅप फिलर गेजने मोजा. बोअर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजा. झीज मर्यादेबाहेर असेल तर नुसत्या नव्या रिंगा टिकत नाहीत. ओव्हरसाइज पिस्टन आणून त्याच्या मापाने बोअर करून घ्या. निकेल-सिलिकॉन कार्बाइड लेपाच्या ब्लॉकला हा मार्ग नाही. व्हॉल्व्ह घासल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाच मिनिटं थांबा, थेंबही खाली येता कामा नये.

आठ महिन्यांत हत्यारांची झीज अशी: अ‍ॅडॅप्टरच्या ओ-रिंगा चपट्या झाल्या आणि दोनदा बदलल्या, तेलाच्या चाचण्यांमुळे पिन चिकट झाली. किक थांबल्यावर काटा खाली सरकू लागला की पिन धुवा किंवा बदला. टेस्टरचा रेग्युलेटर अजून स्थिर आहे.

नव्या रिंगांनंतर लगेच मोजलेला आकडा थोडा कमीच येतो. तो लिहून ठेवा आणि ५०० किमीनंतर त्याच गेजने पुन्हा मोजा.