रेड लिस्ट की कायद्याची अनुसूची?

भाचीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचे प्राणी ‘किती धोक्यात’ ते लिहायचंय. मामा, यादी कुठली धरू? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची रेड लिस्ट, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींची यादी, की १९७२च्या वन्यजीव कायद्याची अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांची यादी?

माळढोकापुरतं भांडणच नाही. रेड लिस्टमध्ये तो २०११पासून ‘अतिसंकटग्रस्त’, कायद्यात अनुसूची १, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. गोम आहे ती काळविटात. नान्नजला ज्वारीच्या कडेला कळपच्या कळप उभे दिसतात, कान टवकारून. रेड लिस्ट म्हणते, फारशी चिंता नाही. कायद्यात मात्र तोही अनुसूची १मध्येच. शिकार केली तर किमान ३ वर्षं कैद आणि वर किमान २५ हजार दंड. रेड लिस्टच्या जोरावर कुणाला एक दिवसही आत टाकता येत नाही.

पण रेड लिस्ट संख्या, घट, अधिवास तपासून ठरते. अनुसूची बदलायला सरकार हलावं लागतं. २०२२च्या दुरुस्तीत कायद्यातल्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या, तेव्हा रद्दीतलं जुनं गाइड नको.

प्रजाती किती खचलीय हे सांगायचं तर रेड लिस्ट. पीक खाल्लं म्हणून काळवीट मारला तर काय होईल, असं शेतकऱ्यानं विचारलं तर अनुसूची.