बोर्डाची कात्री की वयाची पट्टी?

चित्रपटगृहातला सिनेमा १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार आधी सेन्सॉर बोर्डापुढे जातो. बोर्ड कट सुचवतं, प्रमाणपत्र नाकारूही शकतं. १९७० साली चित्रपट दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्वतपासणी वैध ठरवली. ओटीटीवर मात्र २०२१च्या आयटी नियमांनुसार कंपनीच वर्ग ठरवते: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉक हवंच.

मला ही वयाची पट्टी बरी वाटते. ती प्रेक्षकाला सावध करते. कात्री त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकते. घरात दहा वर्षांचं मूल असेल तर वय आणि कारण कळायला हवं. दृश्यच गायब झालं तर ठरवायला आपल्या हाती काय उरतं?

तरी पट्टीही निर्धोक नाही. याच नियमांत तक्रारींच्या तीन पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर सरकार आहे. त्या धास्तीने लेखक लिहितानाच हात आखडता घेतो, आणि न लिहिलेल्या प्रसंगाची कुठेच नोंद राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये आचारसंहिता पाळायला लावणाऱ्या नियम ९(१)ला आणि या तीन पायऱ्यांच्या नियम ९(३)ला स्थगिती दिली, तेव्हा अभिव्यक्तीवरचा हाच दबाव चर्चेत होता.

२०२३च्या दुरुस्तीने सिनेमालाही हेच यू/ए वयोगट लागू झाले. कात्री मात्र बोर्डाकडेच राहिली.